सातव्या बापाच्या अलीकडे

वकीलबाई बिबिगुल सर्दीनं बेजार होत्या. नाक पुसून त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एकावर चष्मा ठेवला, दुसऱ्यावर चहाचा पेला, कारण वारा सुटला होता. किझिलओर्दा शहरात एप्रिल महिन्यात खिडकी लावली तर जीव गुदमरतो आणि उघडली तर दाताखाली वाळू येते. बाईंनी वाळू पत्करली होती.

"चष्म्याखाली आहे तो घटस्फोट," त्या म्हणाल्या. "पेल्याखालचं ते लग्न रद्द. बोला, कुठला उचलू?"

मोल्दीरला दोन्ही नको होते. तिला झोप हवी होती. पंधरा दिवसांत तिची धड झोप झाली नव्हती. रोज घरात कुणी ना कुणी यायचं, चहा प्यायचं, उसासे टाकायचं आणि "नशीब गं पोरी" म्हणून तिच्या डोक्यावरून हात फिरवून जायचं. डोक्यावरचे केस झिजतील इतके हात फिरले होते.

"फरक काय, ते पोरीला नीट सांगा," तिची आई बलझान म्हणाली. तिला स्वतःला फरक तोंडपाठ होता.

"घटस्फोट सोपा. मूल नाही, मालमत्ता नाही. दोघांनी नोंदणी कचेरीत जायचं, सह्या करायच्या, महिन्याभरानं पुन्हा जाऊन कागद घ्यायचा. भांडण नाही, तंटा नाही. फक्त नोंदीत लागतं की लग्न झालं होतं आणि मोडलं. रद्द करायचं तर कोर्टात जावं लागेल. पण जिंकलात तर लग्न झालंच नव्हतं. पोरगी कुमारीची कुमारी."

"झालंच नव्हतं!" दाराजवळ बसलेले तुर्सिनकाका एकदम बोलले. मोल्दीरचे वडील वारल्यापासून घरातला शेवटचा शब्द या थोरल्या चुलत्याचा असे आणि तो शब्द ते मोठ्यानंच उच्चारत. "बहीणभावाचं कधी लग्न होतं का? घटस्फोट घ्यायचा म्हणजे झालं होतं हे कबूल करायचं. आमच्या कुळाच्या तोंडाला ते काळं मला नको."

मोल्दीरनं टेबलावरची वाळू बोटानं पुसली. बहीणभाऊ हा शब्द तिला अजून ऐकवत नव्हता.

झालं होतं ते असं. आमच्यात सात बापांच्या आत लग्न करत नाहीत. बापाचा बाप, त्याचा बाप, असं मोजत सातव्यापर्यंत जायचं आणि तोवर दोन्हीकडचं एकही नाव जुळता कामा नये. मागच्या शरद ऋतूत मोल्दीर आणि दौरेनच्या घरचे म्हातारे समोरासमोर बसले, सात-सात नावं मोजली, कुळंसुद्धा वेगळी निघाली. मग मेंढा कापला, गाणं-बजावणं झालं, विहिणींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. फेब्रुवारीत मोल्दीर सून होऊन गेली.

दौरेन कालव्यावर पाटकरी. भाताच्या खाचरांना कुणाला किती पाणी, कधी दरवाजा उचलायचा, कधी पाडायचा, हे त्याचं काम. लग्न झालेल्या कामगाराला कालव्याकाठी दोन खोल्यांचं सरकारी घर मिळतं, ते त्याला मिळालं. छत गळकं होतं. मोल्दीर शहरातल्या दवाखान्यात एक्स-रे काढायची, ती बसनं जा-ये करू लागली. तिचा हात पुरेल इतक्या उंचीवर दौरेननं एक फळी ठोकली. तीही तिरकी; घर बघायला आलेली बलझानही ती पाहून हसली होती. "पाणी सरळ धरणारा माणूस तू, आणि फळी अशी?" ती म्हणाली, तर तो म्हणाला, "पाणी आपोआप सरळ राहतं. फळीला अक्कल नसते." असे त्यांचे दिवस. एकाहत्तर.

एकाहत्तराव्या दिवशी, दौरेनच्या आजीला जाऊन वर्ष झालं म्हणून, वर्षाचं जेवण होतं. अरालच्या बाजूनं एस्काली नावाचा म्हातारा आला होता, नव्वदी केव्हाच ओलांडलेला, कानानं कमी, पण तीनशे माणसांच्या वंशावळी ज्याच्या जिभेवर. त्यानं नव्या सुनेला समोर बोलावलं. "कुणाची गं तू?"

सून म्हणून तिनं मान खाली घालायची आणि उत्तर दुसऱ्या कुणीतरी द्यायचं, हीच रीत. पण मोल्दीरच्या वडिलांनी तिला मुलासारखी सातही नावं शिकवली होती, रोज शाळेत सोडताना घोकून घेतली होती. वडिलांच्या आठवणीनं तिला भरून आलं आणि तिनं खणखणीत आवाजात नावं म्हटली. सेरिकची मी, सेरिक ओराझचा, ओराझ झुनिसचा...

"थांब," म्हातारा म्हणाला. "झुनिस? ओठ फाटलेला? पांढऱ्या सांडणीवर बसवून दिला तो झुनिस?"

कुणालाच काही कळेना. मग म्हाताऱ्यानं सांगितलं. दुष्काळाच्या सालात, माणसं रस्त्यात बसल्या जागी मरत होती तेव्हा, कोझबायनं आपल्या दोन पोरांपैकी धाकटा, चार वर्षांचा झुनिस, जगावा म्हणून दुसऱ्या कुळातल्या एका निपुत्रिक जोडप्याला देऊन टाकला. "मी त्या सांडणीमागं धावलो होतो. तो रडत नव्हता. अंगात रडायचंही बळ नव्हतं." कोझबायचा थोरला मुलगा घरीच राहिला, जगला. तो दौरेनचा खापरपणजा. कुणीतरी बोटं मोजायला लागलं, मग सगळेच मोजायला लागले. पुन्हा पुन्हा मोजलं. दौरेनच्या बाजूनं पाचवं बोट कोझबाय, मोल्दीरच्या बाजूनं चौथं. सातव्या बापाच्या कितीतरी अलीकडे गाठ पडली होती.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! गप्प बसली असती तर? हा प्रश्न मोल्दीर स्वतःला दिवसातून शंभरदा विचारायची. आणि तो मेला दुष्काळ! निम्मी माणसं खाऊन त्याचं पोट भरलं नव्हतं, नव्वद वर्षांनी येऊन तो एक संसारही खाऊन गेला.

त्या रात्री कालव्याच्या घरी तिनं दौरेनला भाकरीचा तुकडा दिला. घेताना तिच्या बोटांना बोटं लागली आणि त्याचा हात झटकन मागं गेला. मुद्दाम नव्हे. पण गेला. ते त्यानं पाहिलं, तिनंही पाहिलं. मग दोघं भिंतीला टेकून बसून राहिले. अल्माटीला पळून जाऊ, कोण विचारतंय तिथं, असं दौरेन एकदा म्हणाला. ती म्हणाली, "आणि मूल झालं तर त्याला बापांची नावं कोणती शिकवायची?"  लग्न संपलं ते तिथं. वेगळं व्हायचं की नाही हा प्रश्नच उरला नव्हता, वेगळे ते त्याच रात्री झाले होते.

दुसऱ्या दिवशी सासूनं, राउशाननं, तिला पेटीसकट माहेरी आणून सोडलं. कुणी भांडलं नाही, हेच तर वाईट. भांडणाला निदान आवाज असतो. "आता तू माझी लेकच," असं म्हणून सासू ढसाढसा रडली. आणि त्या दिवसापासून बलझानच्या घरात जावई हा शब्द बंद झाला. मोल्दीरच्या बहिणीच्या धाकट्या मुलानं चुकून विचारलं, "आज्जी, जावई कधी येणार?" तर बलझाननं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "जावई नाही. मामा आहे तो तुझा. मामा म्हणायचं."

तर वकीलबाईंच्या टेबलावर दोन कागद होते.

"एक सांगून ठेवते," बिबिगुल म्हणाल्या. "कायद्याला सात बाप कळत नाहीत. आईबाप-मुलं, आजोबा-नातवंडं, सख्खी-सावत्र भावंडं, एवढ्यावरच कायद्याचं मोजणं संपतं. तेव्हा नात्याच्या कारणानं हे लग्न रद्द व्हायचं नाही. दुसरं कारण लागेल."

"मग?" काकांनी विचारलं.

"एकानं दुसऱ्याला फसवलं, असं दाखवावं लागेल. म्हणजे एकाला संसार करायचाच नव्हता, नुसता कागद हवा होता. मुलाला सरकारी घर मिळालंय ना? लग्न झालं म्हणूनच मिळालं ना?"

वाळू खिडकीच्या चौकटीवर खरखरत होती.

"घरासाठी लग्न केलं म्हणायचं? दौरेननं?" मोल्दीर म्हणाली.

"तो तयार आहे," काका म्हणाले. "परवाच त्याच्याशी बोललो. म्हणाला, सगळं माझ्यावर घाला. पोरगा गुणी आहे. आपल्याच रक्ताचा निघाला ना शेवटी."

"आपा, तुला हे माहीत होतं?" मोल्दीरनं आईला विचारलं.

बलझाननं मुलीकडे न बघता रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "मला काय हौस आहे, बाई? तू सव्वीसची. घटस्फोटाची म्हटलीस की दारात कोण येईल सांगू? तीन पोरांचे विधुर. नाहीतर दारू पिऊन बायकोनं हाकललेले. माझ्या बहिणीचं काय झालं ते पाहिलंय मी. हा कागद घेतलास तर तू होतीस तशीच. मी थकले गं. एक सही कर आणि संपव."

आईचा आवाज खरोखरच थकलेला होता. तिनं रागावून म्हटलं असतं तर मोल्दीर भांडली असती. तिनं पेला बाजूला सरकवला आणि खालच्या कागदावर सही केली. सही केल्यावर पहिला विचार आला तो हाच, की आता झोप लागेल.

झोप काही लागली नाही. अर्जाची प्रत पिशवीत होती, ती रात्री वाचून काढली. 'प्रतिवादीचा कुटुंब स्थापन करण्याचा हेतू नव्हता. पक्षकारांनी कधीही एकत्र संसार केला नाही.' इतकं शुद्ध, इतकं स्वच्छ लिहिलेलं खोटं तिनं आजवर वाचलं नव्हतं. दवाखान्यात ती माणसांच्या हाडांचे फोटो काढायची. हाड मोडलं तर मोडलेलं दिसतं, जुनं असलं तर जुळलेलं दिसतं. पण हाड नव्हतंच, असं कुणी लिहून देत नाही.

कोर्टाची तारीख लागली ती मेमध्ये. बोळकांडीत लाकडी बाकावर दौरेन बसला होता. दाढी केलेली, लग्नातलाच कोट, उन्हानं करपलेली मान. तिला पाहून उठला, बसायला जागा केली, आणि मध्ये एका माणसाचं अंतर राहील असा सरकला.

"पाठ केलंस का?" तिनं विचारलं.

"केलं. घराच्या लोभानं लग्न केलं." तो हसला. "त्या घराच्या! काल पाऊस शिंतडला तर पातेली पुरेनात. न्यायाधीशांनी घर बघायला यायचं म्हटलं, तर खटलाच कोसळेल."

"घर काढून घेतील तुझं."

"घेऊ देत. मी काय करू त्या फळीचं? माझ्या पोटाला लागते." मग हसणं थांबवून तो म्हणाला, "तुझं नाव स्वच्छ राहू दे, मोल्दीर. माझं काय, पुरुषाला कोण विचारतंय. चार दिवस हरामखोर म्हणतील, मग पाणी हवं असलं की कालव्यावर येतीलच."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला आता काही वाटत नाही. वाटून वाटून दमलो." त्यानं तळहात गुडघ्यावर पुसले. "फक्त ते वाक्य म्हणताना माझ्याकडे बघू नकोस."

न्यायाधीश बाई पन्नाशीच्या होत्या आणि त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता. त्यांनी मान वर न करताच दौरेनला विचारलं, "लग्न करताना संसाराचा हेतू होता का?"

"नव्हता."

"मग का केलंत?"

"घरासाठी."

"एकत्र राहिलात?"

"नाही... म्हणजे, वेगवेगळं. खाणंपिणंही वेगळं." त्याचे कान लाल झाले होते. मेल्याला साधं खोटं बोलता येत नव्हतं. मागच्या बाकावर तुर्सिनकाका समाधानानं मान हलवत होते आणि बलझान मांडीवरच्या रुमालाकडे बघत होती.

"अर्जदार. हे खरं आहे? यांनी तुम्हाला फसवलं?"

मोल्दीर उभी राहिली. दोन शब्दांचं काम होतं. खरं आहे. ते म्हटलं की बाहेर पडून चहा प्यायचा. तिला ते वर्षाचं जेवण आठवलं, एस्काली म्हातारा, आपला खणखणीत आवाज. तेव्हा ही जीभ खरं बोलली आणि संसार गेला. आता खोटं बोलली की तो कधी नव्हताच. गेला तो गेला, पण नव्हताच कसा? तिरकी फळी कुणाची मग? पहाटे दरवाजा उचलायला जाताना आपल्या अंगावर कोट टाकून जाणारा माणूस कोण होता?

"नाही," ती म्हणाली. "यांनी मला नाही फसवलं. घर गळकं आहे. त्याच्यासाठी कुणी लग्न करणार नाही."

न्यायाधीशांनी आता मान वर केली. मागं काका उभे राहिले. "पोरगी भांबावलीये, बाईसाहेब, तिला..."

"तुम्ही बसा." न्यायाधीशांनी चष्मा काढला. पोरीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, मग मागं काकांच्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं. त्याही आमच्यातल्याच होत्या शेवटी. "कितवा निघाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"चौथा," मोल्दीर म्हणाली. "यांचा पाचवा. दुष्काळात देऊन टाकलेलं पोर होतं. कुणाला माहीत नव्हतं."

"अरेरे." बाईंनी फाईल मिटली. "माझ्या कायद्यात चौथ्या बापाला कलम नाही, पोरी. मग तुला काय हवंय?"

"घटस्फोट."

"त्याला माझ्याकडे यायला नको. नोंदणी कचेरीत जा. पण त्यात लग्न झालं होतं असं लागेल. जन्मभर लागेल. कळतंय ना?"

"हो," मोल्दीर म्हणाली. "तेच लागू दे."

दौरेननं तोंडावर हात घेतला. त्याचे खांदे हलत होते. तिनं बघायचं नाही असं ठरलं होतं, पण तिनं पाहिलं.

बाहेर काकांनी आकाशपाताळ एक केलं. "चार लोकांत काय सांगू मी? आं? काय सांगू?"

"सांगा लग्न झालं होतं. नवरा चांगला होता," मोल्दीर म्हणाली आणि बसथांब्याकडे चालू लागली.

काका त्यानंतर घरी आले नाहीत. बलझान बोलायची ती कामापुरतं: मीठ दे, दार लाव, बस चुकेल. मोल्दीरला वाटलं, आई आता आपल्याला क्षमा करणार नाही. पण त्या रात्रीपासून मोल्दीर झोपू लागली, गाढ, घोरत.

दोघांनी नोंदणी कचेरीत सह्या केल्या, त्यालाही महिना झाला. कागद घ्यायला जायच्या दिवशी बलझान न सांगता बरोबर निघाली, पिशवीत कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. आत मात्र आली नाही. बाहेर बाकावर बसून राहिली.

आत दहा मिनिटांचं काम होतं. कचेरीतल्या मुलीनं शिक्का मारला, दोघांना एकेक कागद दिला. दौरेन आपला कागद हातात धरून उभा राहिला. "आता मी तुला काय म्हणायचं? घरी सगळे म्हणतात, बहीण म्हण."

"बहीण म्हणू नकोस," मोल्दीर म्हणाली. "सोडलेली बायको म्हण. त्यासाठीच कोर्टातून परत आले ना."

त्यानं मान हलवली. कागदाची नीट घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

बाहेर बलझानशेजारी त्यांच्या गल्लीतली खादिशा येऊन बसली होती. हिच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते. दौरेनला पाहून ती लगेच पुढे वाकली. "हा कोण गं, बलझान? तुझा तो पुतण्या का? लोक म्हणतात..."

मोल्दीर पायरीवरच थांबली. दौरेनही थांबला. बलझाननं दोघांकडे पाहिलं, मग खादिशाकडे.

"जावई," ती म्हणाली. "माझा जावई आहे. आत्ताच घटस्फोट झाला."

खादिशाचं तोंड उघडंच राहिलं. बलझान उठली, पिशवीतून कापडात गुंडाळलेले बाउरसाक, पिठाचे तळलेले गोळे, काढले आणि दौरेनच्या हातात कोंबले. अजून गरम होते. त्याचा हात मागं गेला नाही.

"खा वाटेत," ती म्हणाली. "कालवा लांब आहे. आणि ती फळी काढू नकोस. असू दे."